शिलालेखांतील ‘रक्षा’ : मदुरैच्या जैन टेकड्या आणि विकासाचे आक्रमण

सुवर्णमहोत्सव हा कोणत्याही संस्थेच्या दृष्टीने हिशेबाचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांत किती वास्तू उभ्या राहिल्या, किती यात्रेकरूंची सोय झाली, किती विद्यार्थ्यांना हातभार लागला, याचा ताळेबंद अशा वेळी समाजापुढे ठेवला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु नवे काय उभे केले याच्या जोडीला जुने काय राखले, याचीही नोंद त्याच वहीत व्हावयास हवी. पूर्वजांनी स्वाधीन केलेली ठेव शाबूत आहे की नाही, हे पाहिल्याखेरीज कोणताही ताळेबंद पूर्ण होत नाही.

ही ठेव आज प्रामुख्याने एका कारणाने धोक्यात आली आहे, ते म्हणजे जमिनीचा वाढता उपयोग. रस्ते, धरणे, खाणी, वसाहती यांसाठी जमीन लागते आणि ज्या जमिनीवर हे सर्व उभे राहते तिच्या पोटात व पाठीवर इतिहास असतो. हा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे आणि त्यातून मार्ग कसा निघू शकतो, हे समजून घेण्यासाठी तमिळनाडूतील मदुरै परिसराच्या जैन टेकड्यांसारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. दोन हजार वर्षांपूर्वीच्या श्रमणांची ही भूमी जानेवारी २०२५ मध्ये एका मोठ्या खाण प्रकल्पातून वाचली. ती कोणी वाचवली, हा या हकिकतीतील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

श्रमणांच्या टेकड्या

मदुरै हे नाव घेताच मीनाक्षी मंदिराची गगनचुंबी गोपुरे डोळ्यांपुढे येतात. परंतु या नगराच्या चोहोबाजूंस ज्या उघड्या खडकांच्या टेकड्या आहेत, त्यांचा इतिहास त्या गोपुरांहून कितीतरी जुना आहे. तमिळ परंपरेत मदुरैभोवतीच्या आठ थोर टेकड्यांचा उल्लेख येतो आणि त्या जैन मुनींच्या वास्तव्याशी जोडलेल्या आहेत. कीळक्कुयिलकुडी येथील टेकडीस तर आजही ‘समणरमलै’, म्हणजेच श्रमणांचा डोंगर, असेच नाव आहे.

या टेकड्यांवर निसर्गतःच तयार झालेल्या गुहा आहेत. मुनींना चातुर्मासात स्थिर राहता यावे म्हणून श्रावकांनी त्या गुहांमध्ये खडकातच शय्या कोरून दिल्या. शय्येच्या एका टोकास उशीसारखा किंचित उंचवटा ठेवलेला असतो. पावसाचे पाणी गुहेत शिरू नये यासाठी दर्शनी खडकावर एक खाच कोरलेली असते, म्हणजे वरून ओघळणारे पाणी तेथेच थांबून खाली गळते. याच खाचेच्या खाली अनेक ठिकाणी तमिळ-ब्राह्मी लिपीतील लेख आहेत. गुहेस त्या काळी ‘पळ्ळी’ म्हणत. तमिळ भाषेत शाळेला आजही ‘पळ्ळिक्कूडम्’ म्हणतात, यावरून या स्थानांचा विद्येशी असलेला संबंध ध्यानात यावा.

मांगुळम्-मीनाक्षीपुरम् येथील लेख या सर्वांत विशेष महत्त्वाचे मानले जातात. रॉबर्ट सेवेल यांनी १८८२ मध्ये ते प्रथम नोंदवले. त्यांची भाषा तमिळ आहे, हे के. व्ही. सुब्रह्मण्य अय्यर यांनी १९२४ मध्ये दाखवून दिले. पुढे इरावतम् महादेवन यांनी त्यांचे नव्याने वाचन करून त्यांतील पांड्य राजा नेडुंजेळियन याचा उल्लेख प्रकाशात आणला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या बृहद्ग्रंथात या साऱ्या लेखांचा साक्षेपी संग्रह सिद्ध केला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या लेखांत कणि नंद नावाच्या मुनींसाठी दिलेल्या दानाची नोंद आहे, तसेच वेळ्ळरै येथील ‘निगम’ म्हणजे व्यापारी श्रेणीचाही उल्लेख आहे. प्राचीन तमिळ काव्यांत ज्या राजांची नावे येतात ते केवळ कवींच्या कल्पनेतील नव्हते, याचा पुरावा एका जैन गुहेच्या कपाळावर लिहिलेला सापडला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

दान देणारे हे केवळ राजे वा राजपुरुष नव्हते. अळगरमलै येथील लेखांत मदुरै नगरातील सामान्य व्यापाऱ्यांची नावे आहेत. एक सोन्याचा व्यापारी आहे, एक मिठाचा, एक गुळाच्या पाकाचा, एक नांगराच्या फाळांचा. त्याच यादीत एक ‘अरुवै वाणिकन’, म्हणजे कापडाचा व्यापारीही आहे. पेढीवर बसून दिवसभर मापे घेणाऱ्या या माणसांनी आपल्या कमाईचा एक अंश मुनींच्या विश्रांतीसाठी खर्च केला आणि नावापुढे पदवी वा बिरुद न लावता आपला धंदा लिहिला. कीळवळवू येथील लेखात तोंडी या बंदरातील एका उपासकाने दिलेल्या पळ्ळीची नोंद आहे. त्या लेखातील अक्षरे उलटी कोरलेली असल्यामुळे तो वाचणे अभ्यासकांना बरेच दिवस अवघड गेले. समुद्रकिनाऱ्यावरील एका श्रावकाने इतक्या दूर आतल्या भागात येऊन दान द्यावे, यावरून त्या काळच्या व्यापारी मार्गांची आणि धर्मश्रद्धेची सांगड कशी होती हे दिसते.

मूर्ती आणि त्यांचे रक्षक

यानंतर सुमारे दहा-अकरा शतकांनी, म्हणजे इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांत, या टेकड्यांवर तीर्थंकरांच्या मूर्ती कोरल्या गेल्या. या कार्यात आचार्य अच्चणंदी यांचे नाव अग्रगण्य आहे. आनैमलै, अळगरमलै, करुंगालक्कुडी, कोंगरपुळियंकुळम्, उत्तमपाळैयम्, इतकेच नव्हे तर थेट दक्षिण टोकाजवळील चिदराल येथपर्यंत त्यांच्या नावाचे लेख आढळतात. समणरमलैवरील पेच्चिपळ्ळम् येथे एका ओळीत आठ मूर्ती असून त्यांत महावीर, पार्श्वनाथ आणि बाहुबली यांची शिल्पे आहेत. सेट्टिपोडवू या गुहेच्या आत सिंहारूढ यक्षीचे शिल्प आहे. या मूर्तींखालील वट्टेळुत्तू लिपीतील लेखांत कुरंडी येथील एका मोठ्या मठाचा वारंवार उल्लेख येतो. तेथील आचार्य व शिष्य यांची नावे टेकड्यांवर टिकली. मठ मात्र आज उभा नाही.

या लेखांमध्ये एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे ‘रक्षा’. मूर्ती कोणी करविली हे सांगून झाल्यावर तिचे रक्षण कोणी करावयाचे, तेही तेथेच लिहिलेले असते. आनैमलै येथील एका लेखात हे दायित्व नरसिंगमंगलम् गावच्या सभेकडे दिलेले आहे. अरिट्टापट्टी येथील तीर्थंकरमूर्तीच्या लेखात तर अधिकच बोलका तपशील आहे. ही मूर्ती करणत्तार, म्हणजे हिशेबनिसांच्या समूहाच्या नावे अच्चणंदींनी करविली आणि ती पादिरिक्कुडीच्या लोकांच्या रक्षणाखाली ठेवली, असे त्यात म्हटले आहे.

या रचनेमागील दूरदृष्टी विचार करण्याजोगी आहे. मुनी एका जागी कायम राहत नाहीत. दाता एका पिढीपुरता असतो. राजवंशही बदलतात. परंतु टेकडीच्या पायथ्याशी असलेले गाव तेथेच राहते. म्हणून रक्षणाचा भार गावावर सोपवला गेला. ते गाव जैनांचेच असले पाहिजे, अशी अट कोठेही दिसत नाही.

विस्मरणाचा काळ

पुढे काळ पालटला. पांड्य देशातील राजाश्रय सरला आणि या भागातील जैन संघ क्षीण होत गेला. मूळ तमिळ जैन समाज आज मुख्यत्वे तमिळनाडूच्या उत्तर भागातील जिल्ह्यांत आहे. मदुरैच्या टेकड्यांभोवतीच्या खेड्यांत मूर्तींची खरी ओळख हळूहळू विस्मृतीत गेली.

पण गावकऱ्यांनी मूर्ती टाकून दिल्या नाहीत. त्यांनी त्यांना आपल्या जीवनात सामावून घेतले. सेट्टिपोडवू या नावाचा अर्थच ‘चेट्टीची गुहा’ असा होतो. गुहेच्या दर्शनी भागातील ध्यानस्थ तीर्थंकरमूर्ती ही कोणा चेट्टियार व्यापाऱ्याची आहे, असे लोक समजत आले. पेच्चिपळ्ळम् हे नाव तेथील पेच्चियम्मन या ग्रामदेवतेवरून पडले. समणरमलैच्या पायथ्याशी अय्यनार आणि करुप्पसामी या ग्रामदेवतांचे ठाणे आणि कमळांचे तळे आहे. देवाचा डोंगर म्हणून त्याला सहसा कोणी हात लावीत नसे. मूर्तीचे नाव विसरले गेले तरी तिचे पावित्र्य मात्र टिकून राहिले.

महाराष्ट्रातील वाचकांना हे चित्र अनोळखी वाटू नये. वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेणी जगप्रसिद्ध आहेत. परंतु अंकाई-टंकाईसारख्या ठिकाणी जाणारे थोडे, आणि पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात पाले येथे ‘नमो अरहंतानं’ या शब्दांनी आरंभ होणारा प्राचीन ब्राह्मी लेख आहे, हे ठाऊक असणारे तर फारच थोडे. इंदरखित नावाच्या भदंतांनी लेणे आणि पाण्याचे टाके करविल्याची ती नोंद आहे. मदुरैच्या खडकातील शय्या आणि मावळच्या खडकातील टाके, यांमागील भावना एकच होय.

ग्रॅनाइटचे संकट

शतकानुशतके जे पावित्र्याने राखले, ते गेल्या काही दशकांत बाजारभावाने धोक्यात आणले. मदुरै जिल्ह्यातील मेलूर परिसरात उत्तम प्रतीचा ग्रॅनाइट सापडतो आणि त्यास परदेशांतही मागणी असते. ज्या खडकात मुनींसाठी शय्या कोरल्या गेल्या, तोच खडक इमारतींच्या फरशांसाठी हवा होता. कीळवळवू हे गाव ग्रॅनाइट खाणींचे केंद्र बनले. तेथील प्राचीन गुहेच्या आसपासचे खडक कापले जाऊ लागले आणि जेथे टेकड्या होत्या तेथे पाण्याने भरलेले खोल खड्डे दिसू लागले.

मदुरैचे जिल्हाधिकारी म्हणून काम केलेले यू. सगायम् यांनी २०१२ मध्ये या खाणींतील गैरप्रकारांविषयी शासनास अहवाल पाठवला. त्यांत शासनाचे सुमारे सोळा हजार कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज होता. त्याच वर्षी पुढील जिल्हाधिकारी अंशुल मिश्रा यांच्या काळात मोठ्या प्रमाणावर कारवाई झाली. २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सगायम् यांची चौकशीसाठी आयुक्त म्हणून नेमणूक केली आणि २०१५ मध्ये त्यांनी आपला अहवाल न्यायालयास सादर केला. रुपयांतील तूट मोजता आली. कापल्या गेलेल्या खडकांवर आजवर कोणी न पाहिलेला एखादा लेख वा शय्या होती काय, याचे उत्तर मात्र आता कोणत्याही आयोगास देता येणार नाही.

खाणकामाने होणारी हानी केवळ प्रत्यक्ष तोडफोडीची नसते, हेही समजून घ्यावयास हवे. सुरुंगांच्या हादऱ्यांनी खडकांतील जुन्या भेगा रुंदावतात. पाण्याचे नैसर्गिक प्रवाह बदलतात आणि ज्या खाचेने दोन हजार वर्षे लेखाचे पावसापासून रक्षण केले, ती निरुपयोगी होते. हवेतील भुकटी आधीच उथळ असलेल्या अक्षरांवर थर धरते. शिवाय, भोवतालच्या टेकड्या नाहीशा होऊन एकच गुहा उरली, तर मुनींनी ती जागा का निवडली, हे सांगणारा निसर्गच नष्ट होतो.

आनैमलैवर वेगळ्या स्वरूपाचे संकट आले होते. बसलेल्या हत्तीसारखी दिसणारी ही प्रचंड शिळा मदुरैच्या ईशान्येस आहे. तिच्यावर जैन मूर्ती आहेत, पायथ्याशी इसवी सन ७७० मधील नरसिंहाचे गुहामंदिर आहे आणि मुरुगाचेही गुहामंदिर आहे. २०१० मध्ये येथे शिल्पनगरी उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. हेतू पर्यटनवाढीचा होता. परंतु नरसिंगम् आणि ओत्तक्कडै भागातील रहिवासी विरोधासाठी एकत्र आले आणि तो प्रस्ताव मागे पडला. अकराशे वर्षांपूर्वी ज्या नरसिंगमंगलम् गावच्या सभेकडे येथील मूर्तीची रक्षा सोपवली होती, त्याच गावाच्या आजच्या लोकांनी ती निभावली, असेच म्हणावे लागेल. या घटनेनंतर लेखक अ. मुत्तुकृष्णन यांनी ‘पसुमै नडै’ म्हणजे ‘हरित पदयात्रा’ हा उपक्रम सुरू केला. शहरातील सामान्य कुटुंबे सुटीच्या दिवशी या टेकड्यांवर जातात, तज्ज्ञांकडून लेख व शिल्पे समजावून घेतात आणि गावकऱ्यांशी संवाद साधतात. मूर्तींची विसरलेली नावे या पदयात्रांमुळे पायथ्याच्या घरांत पुन्हा पोहोचू लागली.

अरिट्टापट्टीची कसोटी

मदुरैपासून सुमारे २५ किलोमीटरवरील अरिट्टापट्टी हे गाव सात टेकड्यांच्या कुशीत वसले आहे. येथे जैन शय्या, तमिळ-ब्राह्मी लेख, तीर्थंकरमूर्ती आणि पांड्यकालीन शैव गुहामंदिर आहे. टेकड्यांवरून उतरणाऱ्या पाण्यावर येथील तळी व झरे जगतात आणि त्यांवर शेती चालते. ससाणा व गरुड यांच्या दुर्मिळ जाती, खवले मांजर आणि लाजवंती येथे आढळतात. या सर्वांचा विचार करून नोव्हेंबर २०२२ मध्ये अरिट्टापट्टी व मीनाक्षीपुरम् या गावांतील मिळून १९३.२१५ हेक्टर क्षेत्र तमिळनाडूतील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले.

दोनच वर्षांनी, ७ नोव्हेंबर २०२४ रोजी, केंद्रीय खाण मंत्रालयाने नायक्कर्पट्टी टंगस्टन क्षेत्राच्या लिलावाचा निकाल जाहीर केला. या क्षेत्राचा विस्तार २,०१५.५१ हेक्टर इतका होता आणि त्यात हे वारसास्थळही येत होते. टंगस्टन हा कठीण पोलादासाठी व संरक्षण साहित्यासाठी लागणारा धातू आहे. देशाला त्याची गरज आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. २०२३ च्या कायदादुरुस्तीने अशा महत्त्वाच्या खनिजांच्या लिलावाचा अधिकार केंद्र शासनाकडे आला होता आणि त्यानुसारच ही प्रक्रिया झाली होती.

तथापि गावांमध्ये अस्वस्थता पसरली. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. ९ डिसेंबर २०२४ रोजी तमिळनाडू विधानसभेने लिलाव रद्द करण्याची मागणी करणारा ठराव संमत केला. डिसेंबरच्या अखेरीस मंत्रालयाने वारसास्थळाचा भाग वगळून क्षेत्राच्या सीमा नव्याने आखता येतील काय, याचा फेरविचार करण्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेस सांगितले.

येथे आकड्यांचा अर्थ नीट पाहावयास हवा. वगळावयाचे क्षेत्र एकूण क्षेत्राच्या दहा टक्क्यांहूनही कमी होते. कागदावर हा तोडगा वाजवी दिसतो. परंतु टेकडीला वगळून तिच्या पायथ्याचे सारे रान खणले, तर तळ्यांत पाणी कोठून येणार, शेती कशी टिकणार, आणि गावच उठले तर टेकडीकडे पाहणार कोण? गावकऱ्यांनी हा तोडगा नाकारला. ७ जानेवारी २०२५ रोजी मेलूर भागातील हजारो स्त्री-पुरुष मदुरैकडे मोर्चाने निघाले. अखेर २३ जानेवारी २०२५ रोजी केंद्रीय खाण मंत्रालयाने हा लिलाव रद्द केल्याचे जाहीर केले. लोकांच्या भावनांची दखल घेऊन एक मोठा निर्णय मागे घेतला गेला, याबद्दल शासनाचेही श्रेय मान्य करावयास हवे.

या मोर्च्यातील शेतकरी आपल्या शेतीसाठी, पाण्यासाठी आणि ग्रामदेवतांसाठी चालले होते. जैन मूर्तींचे रक्षण हा त्यांचा एकमेव किंवा पहिला हेतू नव्हता. परंतु त्यांच्या चालण्याने तीर्थंकरांची मूर्ती, मुनींच्या शय्या आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख वाचले. ज्या समाजाच्या पूर्वजांनी ते घडविले, त्या समाजातील किती जणांना या काळात अरिट्टापट्टीचे नाव ठाऊक होते, हा प्रश्न मनाला टोचणारा आहे.

कायद्याचे बळ आणि मर्यादा

प्राचीन स्मारकांच्या रक्षणासाठी देशात १९५८ चा केंद्रीय कायदा आहे. जून १९९२ च्या अधिसूचनेने आणि पुढे २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकाम व खाणकाम निषिद्ध ठरले आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते परवानगीच्या अधीन ठेवण्यात आले. महाराष्ट्रात राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा स्वतंत्र कायदा आहे.

तरीही कायदा सर्वत्र पुरा पडत नाही. केंद्रीय संरक्षणाखाली देशभरात ३,६९३ स्मारके होती. त्यांतील ५० स्मारके आता अस्तित्वात नाहीत किंवा सापडत नाहीत, असे संस्कृती मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये संसदीय समितीस सांगितले. त्यांपैकी १४ शहरीकरणात गेली, १२ जलाशयांत बुडाली आणि २४ स्मारकांचा ठावठिकाणाच लागत नाही. ज्यांची सरकारदरबारी नोंद होती त्यांची ही स्थिती आहे. ज्यांची नोंदच कधी झाली नाही, अशी स्थाने याहून कितीतरी अधिक असणार, आणि ती गेली तर त्यांचा आकडाही कोठे उमटणार नाही.

विकास आणि वारसा यांचा मेळ घालताच येत नाही, असे मात्र नव्हे. आंध्र प्रदेशात कृष्णा नदीवर नागार्जुनसागर धरण बांधावयाचे ठरले, तेव्हा बुडणाऱ्या खोऱ्यात १९५४ ते १९६० या काळात आर. सुब्रह्मण्यम् यांच्या नेतृत्वाखाली विस्तृत उत्खनन झाले. नागार्जुनकोंड्याचे महत्त्वाचे बौद्ध अवशेष उचलून टेकडीवर पुन्हा रचण्यात आले आणि तेथे संग्रहालय उभे राहिले. धरणही झाले आणि इतिहासही बराचसा वाचला. आधी पाहणी, मग नोंद, मग स्थलांतर आणि त्यानंतरच पाणी, असा क्रम तेथे पाळला गेला. परंतु विटांचा स्तूप अथवा दगडी मंदिर क्रमांक घालून हलवता येते. मदुरैच्या गुहांना हा उपाय लागू पडत नाही, कारण तेथे डोंगर हीच वास्तू आहे. अशा ठिकाणी प्रकल्पाची जागा बदलणे, एवढाच मार्ग उरतो.

समाजाचे कर्तव्य

या साऱ्या हकिकतीतून जैन समाजाने, विशेषतः विश्वस्त संस्थांनी, काय घ्यावे याचा विचार केल्याखेरीज हे विवेचन अपुरे राहील. वारशाची हानी नेहमी परक्यांच्याच हातून होते असे नाही. भक्तिभावाने हाती घेतलेल्या जीर्णोद्धारातही ती होते. जुन्या खांबांवर तैलरंग चढवला जातो आणि त्याखाली लेख झाकला जातो. घासून साफ केलेल्या शिळेवरील अक्षरे कायमची जातात. संगमरवरी फरशी बसवताना जुनी पायरी उखडून बाहेर टाकली जाते आणि कदाचित त्याच पायरीवर मूळ दात्याचे नाव असते. धातुप्रतिमांच्या पाठीवर व पीठावर संवत, आचार्य आणि श्रावक यांची नावे असतात. रोजच्या प्रक्षालाने ती झिजत जातात. वाचून ठेवण्यापूर्वीच ती झिजली, तर त्या श्रावकाचे दान इतिहासातून पुसले जाते.

यास्तव काही साध्या गोष्टी प्रत्येक संस्थेने आपल्या नियमांत घालून घ्याव्यात. कोणतेही बांधकाम हाती घेण्यापूर्वी मंदिरातील प्रत्येक मूर्ती, लेख, खांब आणि पायरी यांची छायाचित्रे काढावीत आणि लेखांचे वाचन जाणकारांकडून करवून घेऊन वहीत उतरवावे. जुनी वास्तू असल्यास पुरातत्त्व खात्याचा सल्ला घ्यावा. पाया खणताना मूर्ती, नाणी वा कोरीव दगड मिळाल्यास काम तेथेच थांबवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार अशा वस्तूंची माहिती जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांची नोंदणी आवश्यक आहे. मूर्ती सापडल्याच्या आनंदात ती त्वरित उचलून, धुऊन, वेदीवर बसवण्याचा मोह अनेकदा होतो. परंतु ती कोणत्या थरात, कोणत्या दिशेस तोंड करून, कशाच्या सान्निध्यात होती, ही माहिती एकदा गेली की पुन्हा मिळत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट शेजारधर्माची आहे. एखाद्या ओसाड टेकडीवर तीर्थंकरमूर्ती आढळली की तेथे प्रवेशद्वार, कुंपण आणि धर्मशाळा उभारण्याची घाई होते आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे दिवा लावणारा गावकरी परका ठरतो. त्याला दूर सारून जे रक्षण होते, ते फार काळ टिकत नाही. मदुरैच्या लेखांनी नेमका उलट मार्ग दाखवला आहे. त्यांनी गावाला रक्षक केले. आपल्या परिसरातील लेणी, टाकी, विहिरी आणि भग्न मंदिरे यांच्या जवळच्या गावांशी संस्थांनी संबंध जोडावेत. तेथील शाळेतील मुलांना त्या दगडाची गोष्ट सांगावी, त्यांच्यासाठी सहली काढाव्यात, लेखाचा अर्थ मराठीत लिहून फलक लावावा आणि तेथे लक्ष ठेवणाऱ्या गावकऱ्याचा यथोचित सन्मान करावा. नव्या वास्तूच्या खर्चाच्या मानाने यास लागणारा निधी नगण्य आहे.

अळगरमलैवरील त्या कापड व्यापाऱ्याने आपले दान कोरले, तेव्हा दोन हजार वर्षांनंतर कोणी ते वाचील याची त्याला कल्पना नसेल. त्याचे दुकान, त्याचा माल, त्याची मिळकत, यांतील काहीही आज शिल्लक नाही. खडकातील एक ओळ आणि मुनीसाठी केलेली शय्या एवढेच शिल्लक आहे, आणि तेही ज्यांनी ती टेकडी राखली त्यांच्यामुळे. अरिट्टापट्टीच्या लेखात करणारा आणि राखणारा या दोघांचीही नावे आहेत. सुवर्णमहोत्सवानिमित्त संस्थेच्या भिंतीवर दात्यांच्या नावांची शिळा बसेल, तेव्हा त्या शिळेच्या खाली रक्षणाचा भार कोणाकडे, हीही एक ओळ कोरली जावी आणि पुढील पिढीने ती वाचून पाळावी, एवढीच अपेक्षा.